सोने गहाण टाकण्याआधी सिव्हिलचा केसपेपर काढा

प्रश्न : माझे पती (वय ४१) अंबड एमआयडीसीतील एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करतात. हातात सतरा हजारांच्या आसपास पगार येतो आणि त्यातून ईएसआय (कामगारांसाठीचा सरकारी विमा) कापला जातो. तीन वर्षांपूर्वी सासरे अचानक गेले. तेव्हापासून यांची झोप उडाली आणि एरवी सणासुदीला होणारे पिणे रोजचे झाले. आता रोज एक क्वार्टर आणि सुटीच्या दिवशी दोन लागतात. गेल्या श्रावणात त्यांनी एकदम बंद केली, तेव्हा हात थरथरले, घाम फुटला, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही आणि चौथ्या दिवशी पुन्हा सुरू झाली. अलीकडे ‘माझ्यावाचून तुमचे जास्त बरे चालेल’ असे दोन-तीनदा म्हणाले आहेत. दिरांनी एक खासगी व्यसनमुक्ती केंद्र पाहिले आहे. तीन महिन्यांचे साठ हजार, त्यातील निम्मे आगाऊ, आणि ‘ते यायला तयार नसले तर गाडी पाठवून नेऊ’ असे केंद्रवाले सांगतात. आमची बँकेमार्फत घेतलेली आरोग्य विम्याची पॉलिसी आहे; कागदावर फक्त नैराश्य लिहून ती वापरता येईल, असेही त्यांचे म्हणणे आहे. शेजारच्या काकूंनी डाळीत कालवायची एक पूड आणून दिली आहे. पती म्हणतात, ‘दाखल होणार नाही, नोकरी जाईल, पण डॉक्टरांकडे येतो.’ नोकरी सांभाळून उपचार होतात का? पैसे कुठून आणायचे? मंगळसूत्र गहाण टाकायची माझी तयारी आहे.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या पतींच्या एका वाक्याला मी पैशांच्या प्रश्नाआधी उत्तर देते. ‘माझ्यावाचून तुमचे बरे चालेल’ हे बोलणे नशेतले आहे असे समजून सोडून देऊ नका. ते शुद्धीवर असतील अशा वेळी, शक्यतो सकाळी, जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे त्यांना सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारले याचाच आधार वाटतो. उत्तर ‘हो’ असेल, किंवा कसे आणि कधी याबद्दल ते काही बोलले, तर त्याच दिवशी त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा, तोवर त्यांना एकटे सोडू नका, आणि घरातील गोळ्या व कीटकनाशके आपल्या ताब्यात ठेवा. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू असून ती चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. तुम्ही स्वतःही त्यावर बोलू शकता. रुग्णानेच फोन केला पाहिजे असे नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. नोकरी सांभाळून, घरी राहून, ओपीडीत जाऊन व्यसनाचे आणि त्यासोबतच्या नैराश्याचे उपचार होतात, आणि पत्रात दिलेल्या माहितीवरून तुमच्या पतींच्या बाबतीत तो मार्ग आधी तपासून पाहण्यासारखा आहे. व्यसन सोडवायचे म्हणजे माणसाला कुठेतरी नेऊन ठेवायचे, असे समीकरण आपल्याकडे इतके पक्के झाले आहे की ज्यांना ठेवणे परवडत नाही ते काहीच करत नाहीत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कोणतेही उपचार मिळाल्याचे आढळले, दाखल होऊन उपचार घेतलेला तर १८० जणांमागे एकच होता. यात खाटांची टंचाई आहेच, पण खाटेशिवाय उपचार नाहीत ही गैरसमजूतही आहे असे मला वाटते. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, डॉक्टर नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठका घेतल्या, तेव्हा तीन महिन्यांनी त्यांपैकी ३६ टक्के पुरुष त्या अवस्थेतून बाहेर आलेले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होते. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला हा अभ्यास होता. तुमच्या पतींचे पिणे त्याच्या पुढच्या टप्प्यावर, म्हणजे शरीराला दारूची सवय लागण्याच्या टप्प्यावर, गेलेले दिसते, त्यामुळे नुसत्या बोलण्यावर भागणार नाही, औषधे लागतील. पण तीही बहुतेकांना घरी राहून घेता येतात.

दाखल केव्हा करावेच लागते, हेही स्पष्ट सांगते. पूर्वी दारू थांबवल्यावर फिट आली असेल, भास झाले असतील, माणूस वेळ-काळ विसरून बरळला असेल, यकृताचा किंवा हृदयाचा मोठा आजार असेल, जिवाला धोका करून घेण्याचा विचार पक्का असेल, किंवा घरी लक्ष ठेवायला कुणीच नसेल, तर घरी दारू सोडवण्याचा प्रयत्न करू नये. श्रावणात त्यांना जे झाले ते दारू तुटल्याचे त्रास होते. थरथर आणि घाम शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच सुरू होतात, फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत असतो आणि भ्रम व बरळणे साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान सुरू होते. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरांना भेटेपर्यंत ‘आजपासून एक थेंबही नाही’ अशी शपथ त्यांना घालू नका. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण रोज पिणाऱ्याने औषधाविना एकदम बंद करणे हे थोडे दिवस चालू ठेवण्यापेक्षा जास्त धोक्याचे असते.

ओपीडीतील उपचार साधारणपणे असे चालतात. पहिल्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर माहिती घेतात, रक्तदाब पाहतात, यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या लिहून देतात. घरी सोडवणे सुरक्षित वाटले तर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या आठवडा-दहा दिवस रोज कमी करत देतात आणि सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, देतात. गोळ्यांची पाकिटे तुमच्याकडे ठेवा, आणि त्या दिवशी त्यांनी दारू घेतली असेल तर ती गोळी न देता डॉक्टरांना विचारा, कारण दोन्ही एकत्र झाल्यास श्वास मंदावू शकतो. या गोळ्यांनी झापड येते, त्यामुळे त्या आठवड्यात त्यांनी प्रेस मशीनवर उभे राहू नये. हा मुद्दा मी मुद्दाम सांगते आहे. बोटे गमावल्यावर व्यसन सुटून काय उपयोग? तेवढ्या रजेची सोय कशी करायची ते पुढे येईल.

त्यानंतरचा टप्पा लांब असतो आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे काही महिने चालतात, समुपदेशनासाठी सुरुवातीला दर आठवड्याला आणि मग हळूहळू महिन्याला एकदा जावे लागते, आणि नैराश्याकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. दारू स्वतःच मन खचवते, त्यामुळे पिणे थांबल्यावर काही आठवड्यांत उदासी ओसरते का, हे डॉक्टर अनेकदा पाहतात. ती टिकून राहिली, किंवा पिण्याच्या आधीपासूनच होती असे दिसले, तर नैराश्याची औषधे सुरू करतात आणि त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. या वर्षभरात कधीतरी ते पुन्हा पितील, अशी शक्यता धरून चला. तसे झाले तर उपचार वाया गेले असे मानून ओपीडी सोडू नका. पुढच्या तारखेची वाट न पाहता आधीच जा आणि झाले ते सांगा.

शेजारच्या काकूंच्या पुडीचा विषय इथेच संपवते. ती टाकून द्या. ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये काय असते ते वेष्टनावर लिहिलेले नसते. त्यात डायसल्फिराम असेल, तर त्यावर दारू प्यायल्याबरोबर चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे प्रकार होतात आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. औषध थांबवल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हेच औषध डॉक्टर देतात तेव्हा रुग्णाला सगळे समजावून, त्याची संमती घेऊन आणि तपासण्या करून देतात. शिवाय ज्या दिवशी डाळीतली गोष्ट त्यांना कळेल, त्या दिवशी ‘डॉक्टरांकडे येतो’ हा त्यांचा शब्दही जाईल, आणि आज तुमच्या हातात तोच सर्वांत मोलाचा आहे.

आता पैसे. यातील घोळ समजून घेतला की अर्धी चिंता कमी होईल. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य योजना आणि विमा पॉलिसी खाटेचे पैसे देतात. माणूस दाखल झाला तर खर्च मिळतो, महिनोन् महिने ओपीडीत येत राहिला तर मिळत नाही. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असले तरी तेही मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. पुढे कधी दाखल करायची वेळ आलीच, तर त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटून आपला आजार आणि ते रुग्णालय योजनेत बसते का, हे भरतीच्या आधी विचारा. ओपीडीसाठी मात्र या योजनांच्या भरवशावर राहू नका. आयकरातील सवलतींचा तुमच्या पगाराला उपयोग नाही, म्हणून त्यांत शिरत नाही.

तुमचा खरा आधार ईएसआय आहे, आणि पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केवळ पगाराच्या कपातीपुरता केला आहे याचे मला आश्चर्य वाटले. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम जाते, ती याचसाठी. ईएसआयमध्ये ओपीडी, तपासण्या आणि औषधे विमाधारकाला व त्याच्या कुटुंबाला वेगळे पैसे न देता मिळतात. त्यांचे ईएसआय कार्ड, आधार कार्ड आणि असतील ते जुने कागद घेऊन आधी आपल्या नेमून दिलेल्या दवाखान्यात जा. तिथे मानसोपचारतज्ज्ञ नसले तर संदर्भ चिठ्ठी मागा आणि सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात चौकशी करा. तिथेही सोय झाली नाही आणि त्यांनी करार केलेल्या अन्य रुग्णालयाकडे पाठवले, तर त्याचा खर्च ईएसआयकडून भागतो. मात्र चिठ्ठीशिवाय परस्पर खासगीकडे गेलात तर पैसे परत मिळवणे फार जड जाते.

रजेचा प्रश्नही इथेच सुटू शकतो. काम करण्यास असमर्थ असल्याचे प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरांनी दिले आणि वर्गणीच्या दिवसांची अट पूर्ण होत असली, तर आजारपणाचा भत्ता म्हणून सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. गोळ्यांमुळे मशीनवर उभे राहता येणार नाही त्या आठवड्यासाठी डॉक्टरांकडे हे प्रमाणपत्र स्पष्टपणे मागा. पुढच्या काही आठवड्यांसाठी त्यांनी सुपरवायझरकडे दुसरी पाळी मागून घेतली तर सकाळची ओपीडी रजा न टाकता करता येईल. आजाराचे नाव कारखान्यात सांगण्याची गरज नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर टाकली आहे, आणि दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था त्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात.

ईएसआयच्या फेऱ्यांना वेळ लागणार असे दिसले तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे तुम्ही ज्याला सिव्हिल म्हणता तिथे, मानसोपचार विभागाचा केसपेपर काढा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. गर्दी असते, डॉक्टर बदलतात, समुपदेशकाला पुरेसा वेळ नसतो, हे खरे आहे. पण तुमच्या अडचणीला उत्तर म्हणून मला तिथला तासाभराचा खोळंबा साठ हजारांच्या कर्जापेक्षा बरा वाटतो. एखादे औषध तिथे नसले तर त्याचे मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. ब्रँडच्या औषधापेक्षा तिथली किंमत बरीच कमी असते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांना फी नसते, आणि कुटुंबीयांसाठी अल्-अ‍ॅनॉनच्या सभा वेगळ्या असतात. तुमच्या भागात सरकारी अनुदानावर चालणारे केंद्र कोणते, हे १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर विचारता येते.

बँकेमार्फत घेतलेल्या पॉलिसीबद्दल. २०१७च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. पण विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांमध्ये बाराव्या क्रमांकावर दारूचे किंवा अन्य व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरील उपचार आहेत. म्हणजे नैराश्यासाठी दाखल झाल्यास दावा करता येतो, व्यसनासाठी झाल्यास बहुतेक पॉलिसींत येत नाही, आणि नैराश्य हा दारूचाच परिणाम असे कंपनीने म्हटले तर वाद होतो. म्हणूनच केंद्रवाल्यांनी सुचवलेला खोटा कागद करू नका. तो उघड झाला तर हा दावा जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. खरा कागद मात्र तुमच्या बाजूचा असू शकतो. सासरे गेले, झोप उडाली, मन खचले आणि त्यानंतर पिणे वाढले, हा क्रम खरा असेल तर तो महिन्यांसकट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे केसपेपरवर तसा लिहिला जाईल. उपचार ठरवायलाही तो लागतोच. पॉलिसीत ओपीडीचे वेगळे कलम आहे का, आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ किती आहे आणि अर्ज भरताना दारूबद्दलच्या प्रश्नाला काय उत्तर दिले होते, हे तपासा. रास्त दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

त्या केंद्राविषयी माझे मत प्रतिकूल आहे, आणि ते केवळ साठ हजारांमुळे नाही. माणसाची तयारी नसताना गाडी पाठवून उचलून नेणे कायद्यात बसत नाही. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध भरती करायची तर दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासून, स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका अथवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता असल्याचे नमूद करावे लागते, आणि अशी भरतीही पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. सुरुवातीलाच तीन महिन्यांचा आकडा सांगणाऱ्याने तुमच्या पतींना अजून पाहिलेलेही नाही. सगळी केंद्रे अशी नसतात. पुण्याचे मुक्तांगण १९८६पासून काम करते आहे आणि त्यातून उभे राहिलेले कित्येक जण आपण पाहतो. ओपीडीतल्या डॉक्टरांनीच दाखल करण्याचा सल्ला दिला तर केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष कधी येतात, घरच्यांना भेटू देतात का, मध्येच बाहेर पडल्यास किती पैसे परत मिळतात, हे लेखी घ्या आणि मगच पैसे द्या.

घरखर्चाचेही थोडे. दारूचे वाचलेले पैसे पहिल्या महिन्यातच हातात येतील असे धरू नका, कारण कारखान्यातून घेतलेली उचल आणि बारची उधारी आधी वसूल होतील. पगाराचा दिवस सर्वांत अवघड असतो. त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने, पगार दोघांच्या संयुक्त खात्यात जमा होईल असे करता आले तर पाहा. संमतीने, हे पुन्हा सांगते. कार्ड काढून लपवल्याने भांडणे वाढतात. मंगळसूत्र आणि बचत गटाचे कर्ज या दोन्हींना सध्या हात लावू नका.

दिरांना हे सगळे सांगताना त्यांचा अपमान होऊ देऊ नका. भावासाठी धावपळ करणारे माणूस घरात आहे हे चांगलेच आहे. त्यांच्याकडे पैसे मागण्याऐवजी पहिले दोन महिने आठवड्यातली एक सकाळ मागा. ओपीडीच्या दिवशी रांगेत भावासोबत बसणे, तपासणीचे अहवाल आणणे, ईएसआयच्या दवाखान्यात चिठ्ठीसाठी पाठपुरावा करणे ही कामे त्यांना वाटून द्या. पहिली फेरी या सोमवारीच करा, कारण पुढच्या आठवड्यात पतींची तयारी आजच्याइतकीच असेल याची खात्री देता येत नाही.